दुखतंय म्हणायचं नाही

फ्लोराताई गेली, हे तिच्या मुलीनं, ओर्नानं, मला फोनवर हिब्रूत सांगितलं आणि मी मराठीत ओरडले, "काहीतरीच काय बोलतेस!" महिना होऊन गेला. रडू थांबलंय, राग थांबत नाही... माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीवरचा राग.

सत्तरच्या दशकात आम्ही ठाण्याहून इस्राएलमध्ये, लोदला आलो. ताईला एका कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं. पहिल्याच आठवड्यात तिथली सुपरवायझर कुणाला तरी म्हणाली, "हे हिंदुस्थानी लोक सारखे आजारी पडतात." ताईनं ते मनाला लावून घेतलं. पुढची पंचवीस वर्षं तिनं आजारपणाची एक रजा घेतली नाही. अंगात ताप असला तरी पावडर, लिपस्टिक, इस्त्रीचा ब्लाऊज. कसं काय विचारलं की "बेसेदेर", सगळं ठीक. लोक कौतुक करायचे. मीसुद्धा करायचे.

गेल्या वर्षी तिचं पोट दुखायला लागलं, जेवण जाईना. मीच तिला ओढून दवाखान्यात नेलं. लग्नाला निघाल्यासारखी नटली होती! तरुण डॉक्टरनं विचारलं, "किती दुखतं?"

"थोडंसं. वय झालं आता," ताई हसत म्हणाली. मी बोलायला तोंड उघडलं, तर टेबलाखाली तिनं माझं मनगट असं दाबलं की नखं रुतली. बाहेर आल्यावर मी भांडले, "घरी कण्हत असतेस, ते का नाही सांगितलंस?"

"त्याच्यासमोर रडू होय? काय म्हणेल आपल्या लोकांना?"

त्यानं लिहून दिलेल्या गोळ्या तिनं घेतल्या आणि मी गप्प बसले. सात महिने गप्प बसले... ती स्वयंपाकघरात कोसळली, तेव्हा इस्पितळातली डॉक्टरीण म्हणाली, "फार उशीर केलात."

आम्हा यहुद्यांचं सुतक सात दिवसांचं, जमिनीवर बसून पाळायचं; त्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं. एक शेजारीण म्हणाली, "काय बाई होती! शेवटपर्यंत हसतमुख." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं डोकं भडकलं. "हसतमुख कसली? उशीत तोंड खुपसून रडायची ती! मला माहीत होतं."

जमिनीवर बसलेल्या ओर्नानं हिब्रूत विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"सात महिने."

ती उठून आत निघून गेली.

दर शुक्रवारी सकाळी मी तिच्याकडे जाते. ती दार उघडते, खुर्ची पुढे करते आणि माझ्याशी एक शब्द बोलत नाही. मी तासभर बसते. निदान ही पोर माझ्यासमोर खोटं हसत नाही.