वांगी रंगाची सेडान आणि लाल थेंब

पद्माकर भोसेकर हा माणूस तेल गळू नये यासाठी जन्माला आला आहे. ही थट्टा नाही, त्याला पगारच त्याचा मिळतो. नेकारसुल्मजवळच्या एका कंपनीत तो गिअरबॉक्सची सील बनवणाऱ्या विभागात आहे. रबराची एक कडी, आत तेल, बाहेर जग, आणि दोघांची गाठ पडू द्यायची नाही. कराडहून पुणे आणि पुण्याहून जर्मनी एवढी मजल त्यानं या एका तत्त्वावर मारली. स्वयंपाकघरात गोड्या तेलाची बरणी दिसली, की झाकण घट्ट करून तो ती उलटी धरतो. लग्न झाल्या झाल्या चारुलतेनं हे पाहिलं तेव्हा आपण कुणाच्या गळ्यात माळ घातली याची तिला धास्तीच वाटली. आता ती बरणी स्वतःहून त्याच्या हातात देते आणि तो ती उलटी धरून बघत असताना भाजी चिरून घेते.

अशा माणसाला छंद म्हणून निदान पोस्टाची तिकिटं तरी सुचावीत. याला सुचली मोटार. शेजारच्या गावातल्या एका शेतकऱ्याच्या कोठारात एक जुनी चार दारांची अमेरिकन सेडान पडून होती. कोणे एके काळी इथल्या छावणीतला अमेरिकन सैनिक ती मागे टाकून मायदेशी गेला होता. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. पद्माकरनं कोंबड्यांची क्षमा मागून गाडी ताब्यात घेतली, आणि पुढची कितीतरी वर्षं सगळे शनिवार त्या कोठारात काढले.

अशा गाडीला शौकीन लोक स्ट्रीट रॉड म्हणतात. अंग जुनं ठेवायचं, आतला संसार सगळा नवा थाटायचा: इंजिन नवं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नवी, ब्रेक नवे. बहुतेक जण असली गाडी भन्नाट पळवायला बांधतात. पद्माकरनं बांधली ती सोफ्यासारख्या सीटांची, सगळ्यांना पट्टे असलेली, वांगी रंगाची. सगळं घर एका गाडीत बसलंय आणि नेकार नदीच्या काठाकाठानं रमतगमत चाललंय, एवढीच त्याची चैनीची कल्पना. सासरे श्रीधरराव पुण्याहून आले आणि गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाले, "वरून आजी, आतून नात."

पण ते कोठार विकलं गेलं. नव्या मालकाला महिनाअखेर ते रिकामं हवं होतं. जर्मनीत रस्त्यावर न नोंदवलेली गाडी उभी करता येत नाही, आणि एवढ्या बदललेल्या गाडीची नोंदणी व्हायची तर आधी परीक्षकानं ती नटबोल्टासकट तपासून पास करावी लागते. नापास झाली तर दुरुस्तीला मुदत मिळते, पण तोवर ती ठेवायची कुठे? नवरा-बायकोचं ठरलं. पास झाली तर गाडी घरी येईल. नापास झाली तर हाइलब्रोनचा एक डीलर घेऊन जाईल. डीलर आधीच म्हणाला होता, "इंजिन वेगळं विकू, सांगाडा वेगळा." ते ऐकून पद्माकर ताटावरून उठून गेला होता.

परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यानं सासूबाईंना, म्हणजे वासंतीबाईंना, समोर बसवून सांगितलं.

"आई, गाडीत काही ठेवायचं नाही. हळदकुंकू नाही, नारळ नाही, चाकाखाली लिंबू नाही. पूजा पास झाल्यावर."

"बरं," वासंतीबाई म्हणाल्या. जावयाला त्या 'बरं'च म्हणतात. पुढचं स्वयंपाकघरात बोलतात. तिथे त्या चारुलतेला म्हणाल्या, "परीक्षेला निघालेल्या पोराला आपण दही देतो हातावर. आणि ही बिचारी गाडी कोरडीच जाणार?"

बिचारी गाडी कोरडी गेली नाही. सकाळी कोठारापाशी पद्माकर टायरमधली हवा पुन्हा पुन्हा मोजत होता. रोजच्या गाडीची डिकी त्याच्या हत्यारांनी भरलेली होती. वासंतीबाईंनी औक्षणाचं ताट पिशवीत घालून सेडानच्या डिकीत सरकवलं. निरांजन, तिळाच्या तेलाची लहान बाटली, कुंकवाचा करंडा, अक्षता. पास झाली की तिथेच ओवाळायचं, उशीर कशाला? श्रीधररावांनी सगळं पाहिलं, डिकी हळूच लावली आणि आकाशाकडे बघत उभे राहिले. त्यांचा संसार असाच सुखाचा झालेला आहे.

परीक्षेपुरत्या मिळालेल्या तात्पुरत्या नंबरप्लेटवर पद्माकर सासऱ्यांना शेजारी घेऊन निघाला. मागून रोजच्या गाडीत चारुलता, तिची आई आणि मुलगी अन्वी. गावातला दगडी फरसबंदीचा रस्ता संपेपर्यंत पद्माकरनं श्वास घेतला नाही असं श्रीधरराव शपथेवर सांगतात.

परीक्षक हेर बॉयट्लर उंच, शिडशिडीत आणि शांत होते. दंतवैद्य शांत असतो तसे. दिवे पाहिले, पट्टे ओढले, ब्रेक रोलरवर तपासले, आणि दर खेपेला हातातल्या बोर्डावर एक खूण केली. बायका काचेपलीकडच्या बाकावर बसल्या होत्या. गाडी लिफ्टवर वर गेली. बॉयट्लर टॉर्च घेऊन खाली शिरले, पुढून मागे सरकले, आणि मागच्या ॲक्सलपाशी थांबले.

"आल्झो, तर मग," ते म्हणाले. "हे काय?"

पोलादावर एक लाल थेंब लोंबत होता. पद्माकर बघत असतानाच तो सुटला आणि त्याच्या बुटावर पडला. पाठोपाठ दुसरा धरला.

गिअरबॉक्सचं तेल लाल असतं. हे वाक्य पद्माकर झोपेतही म्हणू शकतो.

"गिअरबॉक्स पुढे आहे," तो कसाबसा म्हणाला.

"चालत्या गाडीत तेल वाऱ्यानं मागे येतं. तुम्हाला ठाऊक असेल." बॉयट्लरनी हातातल्या बोर्डावर पेन टेकवलं. "सील गेलंय. काय काम करता आपण?"

"सील," पद्माकर म्हणाला.

बॉयट्लर सभ्य गृहस्थ होते. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

पद्माकर थेंबाखाली बोट धरून ते तसंच उभं ठेवून काचेच्या दारातून बाहेर आला. चेहरा असा, की अन्वीनं कानातले इयरफोन काढले.

"डीलरला फोन लाव," तो चारुलतेला म्हणाला.

"काय झालं ते तरी सांग!"

"माझंच सील गळतंय. माझं. आता गिअरबॉक्स उतरवायची तर कोठार नाही. लाव फोन."

चारुलतेनं फोन काढला. तिला बोलायचं पुष्कळ होतं, पण ठरलेलं ते ठरलेलं. पलीकडे रिंग वाजू लागली.

वासंतीबाई त्या बोटाकडे बघत होत्या. लाल, ओशट, आणि कडेला एक बारीक कण. तांदळाचा. गप्प बसावं तर गाडी जाते. बोलावं तर लेकीच्या घरी, परक्या देशात, बजावून सांगितलेलं मोडलं हे जावयाच्या तोंडावर कबूल करायचं. आजवर पद्माकरनं त्यांना वर मान करून उत्तर दिलं नव्हतं. ती घडी आज विस्कटणार. रिंग वाजतच होती. पलीकडे कुणीतरी "हालो" म्हणालं.

"चारू, फोन ठेव," वासंतीबाई म्हणाल्या.

"आई, आत्ता नको—"

"ठेव म्हणते ना! पद्माकरराव, त्या बोटाचा वास घ्या."

पद्माकरनं वास घेतला. गिअरबॉक्सचं तेल त्यानं आयुष्यभर हुंगलं होतं. हे ते नव्हतं. यात तीळ होते.

"आई, डिकीत काय आहे?"

"ताट."

"कसलं ताट?"

"औक्षणाचं. बाटली कलंडली असणार. त्यात कुंकू कालवलं गेलं."

"अगं, त्यांनी तुला सांगितलं होतं ना?" श्रीधरराव मागून येत म्हणाले.

"तुम्ही तर बोलूच नका. डिकी कुणी लावली?"

श्रीधररावांना भिंतीवरचा टायरचा तक्ता अचानक वाचनीय वाटू लागला. पद्माकर रागावलाही नाही, हसलाही नाही. नुसता वळला आणि आत गेला. तो ओरडला असता तर ते वासंतीबाईंना परवडलं असतं. त्या पदर घट्ट धरून बसून राहिल्या.

डिकी उघडली तेव्हा तळाशी लाल थारोळं होतं. डिकीत पावसाचं पाणी साचू नये म्हणून पद्माकरनं स्वतः तळाला एक भोक ठेवलं होतं, आणि तेल तिथूनच खाली उतरलं होतं. आता औक्षण म्हणजे काय हे जर्मनमध्ये सांगायची पाळी आली. सीलचा सगळा शब्दसाठा हाताशी असलेल्या पद्माकरला त्यातलं काही उपयोगी पडेना. शेवटी अन्वी पुढे झाली आणि तिनं खडखडीत जर्मनमध्ये सांगितलं, की ओमाला, म्हणजे आजीला, गाडीसमोर दिवा ओवाळायचा होता, परीक्षेत पास झालेल्याला ओवाळतात तसा.

"जळता दिवा?" बॉयट्लरनी विचारलं. "डिकीत?"

"नाही, विझलेला."

"गुट."

पण बोर्डावरचं पेन हललं नाही. त्यांनी चिंधी आणून सगळा खालचा भाग स्वतः पुसला. मग म्हणाले, "मागचं तेल तुमच्या सासूबाईंचं, मान्य. पुढे सील कोरडं आहे हे यावरून सिद्ध होत नाही. गाडी गरम करून आणतो आणि पुन्हा बघतो."

"गेनाऊ, अगदी बरोबर," पद्माकर म्हणाला. बॉयट्लरच्या जागी तो असता तर त्यानंही हेच केलं असतं, आणि हीच तर भीती होती.

बॉयट्लर गाडी घेऊन रस्त्यावर गेले. सेडान पहिल्यांदाच पद्माकरशिवाय रस्त्यावर धावत होती. मघाशी निदान सासूबाईंच्या बाटलीचा आडोसा होता. आता आत दुसरं कुणी नव्हतं, फक्त त्यानं हातानं बसवलेली एक रबराची कडी. आपण ती बसवताना कड दुमडली तर नव्हती? त्या शनिवारी थंडी फार होती. हात बधिर होते. तो फाटकाकडे बघत राहिला. चारुलता येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली, आणि तिनं त्याची बाही धरली.

गाडी आली. वर गेली. बॉयट्लरनी पांढरा कागदी रुमाल घडी करून गिअरबॉक्सच्या सांध्यावरून सावकाश फिरवला. सगळ्या बाजूंनी. वरच्या बाजूला हात पोचेना, तेव्हा टाचा उंच करून. मग रुमाल उजेडात धरला. पद्माकरनं डोळे मिटले होते.

"बघा," बॉयट्लर म्हणाले.

रुमालावर थोडी धूळ होती. बाकी काही नव्हतं.

"तक्रार नाही," असं म्हणून त्यांनी सही केली. या श्वाबी मुलखात याहून मोठं कौतुक कुणी कुणाचं केल्याचं ऐकिवात नाही.

पद्माकर बाहेर आला तो थेट बाकापाशी. वासंतीबाई उठून उभ्या राहिल्या.

"माझं चुकलं, पद्माकरराव. तुम्ही सांगितलं होतं."

"तुम्ही बोललात म्हणून गाडी राहिली, आई. नाहीतर मी विकून मोकळा झालो होतो." त्यानं खिशातून किल्ली काढली. "पुढे बसता?"

"पुढे? मी? तिथे हे बसतात."

"बाबा मागे बसतील. त्यांनी डिकी लावली."

वासंतीबाई पुढे बसल्या. मागे श्रीधरराव आणि अन्वी ऐसपैस. पद्माकरचे कान अजून गिअरबॉक्सकडे होते, त्यामुळे ताशी सत्तरच्या रस्त्यावर सेडान चाळीसनं निघाली. डावीकडे द्राक्षांचे मळे, उजवीकडे नेकार. मागे हळूहळू गाड्यांची रांग लागली आणि रांगेच्या तोंडाशी चारुलता. तिचा आवाज गाडीच्या स्पीकरमधून आला.

"पद्माकर, माझ्या मागे ट्रॅक्टर आहे. तोसुद्धा वैतागलाय. जरा दाब की!"

पद्माकरचा पाय हलला, पण वासंतीबाईंनी हात वर करून त्याला थांबवलं आणि स्पीकरकडे वाकून म्हणाल्या,

"चारू, तुला घाई असेल तर तू पुढे जा. आम्ही फिरायला निघालोय."