बस स्टॉपवरची ॲम्ब्युलन्स

दक्षिण लंडनमधला तो बस स्टॉप अजून माझ्या मनातून गेलेला नाही. कोरोनाचं पहिलं वर्ष होतं, माझ्या निवृत्तीला काही महिने उरले होते, आणि पोलीस सार्जंट म्हणून हाताळलेली ती माझी शेवटची केस. कागदावर गुन्हा किरकोळ होता: खोटा फोन करून ॲम्ब्युलन्स बोलावणे.

एका आठवड्यात तीन वेळा ९९९ या तातडीच्या नंबरवर एका बाईचा फोन आला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत एवढंच, "म्हातारा माणूस, श्वास लागतोय, बस स्टॉप." ॲम्ब्युलन्स पोचायची तेव्हा बाकडं रिकामं. पहिल्या खेपेनंतर कंट्रोल रूम आम्हालाही पाठवू लागली. स्टेशन जवळ, त्यामुळे आमची गाडी नेहमी आधी पोचायची. त्या दिवसांत ॲम्ब्युलन्ससाठी लोक तासन्‌तास ताटकळत होते, आणि इथे कुणीतरी खेळ मांडलाय म्हणून माझं डोकं तापलं होतं.

टीप दिली समोरच्या गुजराती पेपरवाल्याने. "साहेब, हिरव्या कोटातली बाई आहे. कोलंबियाची. मागच्या गल्लीत राहते."

चौथा फोन दुपारी आला. या वेळी हिरवा कोट सापडला, स्टॉपजवळच्या बंद लाँड्रीसमोर. साठी ओलांडलेली बाई, ऑफिसांची साफसफाई करून हात खरखरीत झालेले. फोनवर स्पॅनिश दुभाषी घेतला आणि दोन मीटरवरून चौकशी सुरू केली. फोन तुम्ही केला? नाही. पेशंट कुठे आहे? माहीत नाही. मग घरचा पत्ता द्यायला काय झालं होतं, म्हणत मी आवाज चढवला, तशी बाईंनी मान खाली घातली. नोकरीत मी एक गोष्ट शिकलो होतो: माणूस खोटं बोलायला लागला की त्याच्या हातांकडे बघावं. बाईंनी एक कापडी पिशवी घट्ट धरली होती. ती उघडायला लावली. आत पुरुषाच्या सपाता, चष्मा, गोळ्यांची पाकिटं आणि घडी घातलेला पायजमा.

चेष्टा करायला कुणी पायजमा घेऊन येत नाही.

"पेशंट कोण आहे, बाई?" मी आवाज उतरवून विचारलं.

"माझा भाऊ," दुभाष्याने सांगितलं. "घरमालक म्हणतो, दारात ॲम्ब्युलन्स आली तर सामान रस्त्यावर टाकीन. म्हणून त्याला इथे आणते. पहिल्यांदा थंडीत त्याला बसवेना. नंतर दर वेळी तुमची गाडी उभी. तो म्हणतो, आधी पोलीस आलेत, म्हणजे पकडून नेणार."

बाकडं रिकामं का असायचं ते कळलं, आणि माझी मलाच लाज वाटली. बाई मला लाँड्रीच्या मागे घेऊन गेल्या; म्हातारा तिथल्या पायरीवर बसला होता. ओठ निळे पडलेले. ड्रायव्हरला गाडी वळणापलीकडे न्यायला सांगितली, टोपी काढून काखेत मारली आणि एका बाजूने बाईंनी, दुसऱ्या बाजूने मी धरून त्याला बाकड्यापर्यंत आणलं. ॲम्ब्युलन्स आली. आणखी एक फेरी हुकली असती तर कठीण होतं, असं पॅरामेडिक मुलगी म्हणाली.

घरमालकाशी मी स्वतः बोललो. काय बोललो ते इथे छापण्याजोगं नाही. महिन्याभराने भाऊ घरी आला. पुढे बहीण-भाऊ त्याच बाकड्यावर उन्हाला बसलेले दिसायचे आणि बाई मला चीज भरलेले गरम पाव द्यायच्या. ड्यूटीवर असं काही घेऊ नये हा नियम मी तेवढा एकदाच मोडला, म्हणजे दर गुरुवारी. आता तिथे नव्या इमारती झाल्यात, बाकडंही गेलं. जीव हळहळतो.

तेव्हा मी बाईंना दरडावून विचारलं होतं, घरचा पत्ता द्यायला काय झालं होतं? मदत मागणाऱ्यालाही कशाकशाची भीती असते, हे मला त्या केसने शिकवलं, असं मी सगळ्यांना सांगत आलो.

गेल्या वर्षी एजवेअरच्या घरी माझ्याच छातीत कळ आली. हिला म्हटलं, "ॲम्ब्युलन्स नको. अख्खी गल्ली खिडकीत येईल. टॅक्सी बोलाव."

हिने ९९९ आधीच लावला होता. "अहो, मग बस स्टॉपवर जाऊन बसता का?" म्हणाली, आणि फोन माझ्या हातात दिला.

मी मुकाट्याने घरचा पत्ता सांगितला.