मी कमी करून घेतलेले अडीच हजार

माझ्या मुलीने आणि कुडाळच्या एका दुकानदाराने मिळून मला फसवले. दोघेही हसतात आणि वर मलाच विचारतात, यात तुमचे नुकसान काय झाले? तेच सांगते.

माझा धंदा कोकम आगळ, मसाला आणि सुक्या मासळीचा. सुरुवात झाली किनाऱ्यावरच्या लिलावात घेतलेल्या एका टोपलीने; आता पुण्या-मुंबईला पार्सले जातात. एवढ्या वर्षांत समोरच्याने पहिला सांगितलेला भाव मी कधी दिलेला नाही. रीत ठरलेली. माशाचे कल्ले उघडून बघायचे, तोंड वाकडे करायचे, आपला भाव सांगायचा आणि पाठ फिरवून चालू पडायचे. दहा पावलांच्या आत हाक येते.

मुलगी कॉलेजात गेली आणि लॅपटॉप हवा म्हणू लागली. मलाही हवाच होता, कारण ऑर्डरी फोनवर आणि बिले वहीत, असा सगळा घोळ चालला होता. ठरले की दिवसा तिचा, संध्याकाळी माझा. एसटीतून न्यायचा म्हणून लहान आणि हलका, लाईट जाते म्हणून बॅटरी दमदार, आणि स्वस्त.

मालवणात आणि कणकवलीत एकेका दुकानातून मी पाठ फिरवून निघाले. दोन्हीकडे हाक आली नाही. मासा संध्याकाळपर्यंत नासतो, म्हणून विकणारी हाक मारते. लॅपटॉप नासत नाही, हे माझ्या डोक्यातच आले नव्हते.

मुलगी रडकुंडीला आली. "आये, प्रोजेक्ट सोमवारी देवचो आसा. तू भाव करीत रवतस आणि मी मोबाईलवर टाईप करतंय. डोळे फुटले माझे!"

"गप रव. शनिवारी कुडाळाक जावया."

कुडाळच्या दुकानात तिने एक छोटा करड्या रंगाचा लॅपटॉप दाखवला. मी तो उचलून तोलला, झाकण दहा वेळा उघडून मिटले, बिजागरी बोटाने दाबून पाहिली आणि तोंड वाकडे केले.

"साडेचोवीस हजार, वैनी," दुकानदार म्हणाला.

"साडेचोवीस? बोटीचा इंजिन घालून दितस काय त्याच्यात?"

"बॅटरी आठ तास चलता ओ."

"चलता तां तू सांगतस. लाईट गेल्यावर तू येतलस काय बघूक? वीस घे."

"वैनी, माका दुकान चालवचा आसा."

"चालव, चालव." मी पाठ फिरवली. मुलगी पायरीवर उभी होती. या वेळी ती रडकुंडीला आलेली नव्हती, उलट शांतपणे फोन बघत होती. मला तेव्हाच खटकायला हवे होते. सातव्या पावलाला हाक आली.

"वैनी, या ओ! बावीस. ह्याच्याखाली नाय."

"आणि वर काय घालतस?" मासळीवर दोन बांगडे जास्तीचे घालून घेतल्याशिवाय माझी पिशवी बंद होत नाही. त्याने वर माऊस घातला.

अडीच हजार वाचवल्याच्या आनंदात मी त्याच संध्याकाळी अख्खी सुरमई घेतली आणि शेजारच्या टीचरला जेवायला बोलावले. ती मिशनच्या शाळेत शिकवते. तिला मी सगळा सौदा उभी राहून करून दाखवला, सात पावले चालूनसुद्धा. मुलगी मान खाली घालून सोलकढी वाढत होती. तिला हसू आवरत नव्हते. मला वाटले, आईचे कौतुक वाटतेय पोरीला.

टीचरलाही शाळेच्या कामासाठी तसाच लॅपटॉप हवा होता. "तू तोंडच उघडू नको, भाव मी करतंय," असे बजावून महिन्याभराने मी तिला त्याच दुकानात घेऊन गेले. समोरच तोच करडा लॅपटॉप मांडलेला. त्यावर चिठ्ठी: बावीस हजार, सोबत माऊस मोफत.

मी चिठ्ठीकडे पाहिले, मग दुकानदाराकडे.

"वैनी, रागवा नको," तो काउंटरमागे सरकत म्हणाला. "तुमच्या चेडवान आदल्या दिवशी फोन केल्यान. म्हणाला, आये येतली, अडीच हजार चढवन सांगा, नायतर ती घेवची नाय. चिठ्ठी काढून ठेवा. आणि पाठ फिरवल्यार दहा पावलांच्या आत हाक मारा."

टीचर हसता हसता स्टुलावर बसली. "अगो, सुरमय मात्र बरी होती हां!"

तिने चिठ्ठीवरच्या भावाने लॅपटॉप घेतला. मी पाठ फिरवून एसटी स्टँडकडे चालू पडले. या वेळी पावले मोजली नाहीत.

घरी आले तर मुलगी टाईप करत बसलेली.

"कोणी शिकवल्यान तुका ह्यां?"

"तूच. पर्यटक इले काय आगळाच्या बाटलेर तीस रुपये चढवन सांगतस. घासाघीस करूक जागा ठेवक व्हयी, नायतर त्यांका मजा येणा नाय, म्हणतस."

"तां गिऱ्हाईक! मी आवस तुझी!"

"म्हणानच तर तुझी रीत माका पाठ आसा," ती म्हणाली आणि पुन्हा टाईप करू लागली.

लॅपटॉप चांगला आहे, हे मान्य करते. तिचा प्रोजेक्ट सोमवारी वेळेवर गेला. परवा दुपारभर लाईट नव्हती, तरी माझी सगळी बिले झाली. पण न वाचलेल्या पैशांची सुरमई मी आणली आणि दोन घरांनी ती चाटूनपुसून खाल्ली, त्याचे काय? त्या सुरमईचे पैसे दुकानदाराने द्यायचे की मुलीने? आणि कुडाळच्या भर बाजारात मी ज्या ऐटीत ती सात पावले चालले, ती ऐट मला कोण परत देणार? दोघांपैकी एकाने समोर येऊन सांगावे. मी ओटीवरच बसले आहे.