बत्तीस यंत्रांत एक आवाज

राजारामपुरीतल्या बंगल्यात राजमती पाटील एकटी, आणि यंत्रं बत्तीस. दिवे, पडदे, कुलपं, कॅमेरे, सगळं लेकानं, सम्मेदनं, कॅनडाला जाताना हॉलमधल्या एका डबीला जोडून दिलेलं. डबीत बत्तीसच मावायची. तेहतिसावं जोडायचं तर आधीचं एक काढायचं.

परवा ती न्हाणीत घसरली. त्या धसक्यानं सम्मेदनं माणसाची चाहूल सांगणारी पाच नवी यंत्रं मागवली, न्हाणीला, जिन्याला. बसवायला कृष्णात आला. पाच काढायला हवी होती. बागेतले दिवे, पाहुण्यांच्या खोलीतला पडदा अशी चार सहज निघाली. कुलपं, कॅमेरे, गॅसची यंत्रं यांना हात लावायचा नाही, ही सम्मेदची ताकीद. पाचवा म्हणून त्यानंच कळवलं होतं, स्वयंपाकघरातल्या फडताळातला जुना स्पीकर काढा.

त्या स्पीकरात जिनपाल होता. तिचा नवरा, जाऊन दोन वर्षं झालेला. घरात दिवस मावळायच्या आत जेवायची रीत, आणि राजमती भांड्यांत गुंतली की वेळ टळायची. मग रात्रभर उपाशी. म्हणून त्यानं आपला आवाज त्यात भरून ठेवलेला. मावळती कधी ते डबीला रोज ठाऊक, त्याआधी अर्धा तास तो बोलायचा.

कृष्णातचा हात अडला.

"काकू, ह्यो काढला की आतलं पुसतंय. काकांचा आवाज जाणार. दुसरं कायतरी सांगा की."

राजमतीनं जिन्याकडं बघितलं. वर सम्मेदची खोली. रोज संध्याकाळी तो तिकडून मोबाईलवर त्या खोलीतला दिवा लावायचा. फोन आठवड्याला एकदा, दिवा मात्र चुकला नव्हता.

"वरचा दिवा काढ," ती म्हणाली.

"त्यो दादा लावतोय न्हवं?"

"लावतोय. पर त्येला तिथनं बोलता येतंय. ह्यास्नी येत न्हाय."

कृष्णात गेला. ऊन भिंतीवरनं उतरलं, आणि फडताळातनं आवाज आला, "राजमती, दिवस बुडाय लागला. भांडी ऱ्हाऊ देत. का उपाशी निजायचा नेम हाय?"

ती जेवली. ताट धुतलं. बाहेर अंधारलं तरी जिन्यावर वरचा उजेड पडेना. थोडा वेळ तिनं वाट बघितली. मग गुडघ्यावर हात टेकत जिना चढली आणि खोलीतलं बटण दाबलं. डबीतनं काढलं तरी ते हातानं चालत होतं.

फोन वाजला. तिकडं सकाळ, सम्मेद कामाच्या घाईत. जिन्यातल्या नव्या यंत्रानं त्याला कळवलं होतं.

"आई, वर कशाला गेलतीस?"

"तुझा दिवा लावाय आलतो."

तो म्हणाला, "उतरताना कठडा धर," आणि फोन ठेवला.

राजमती उतरली नाही. वरच्या पायरीवर बसून राहिली. चाहूल सांगणाऱ्या यंत्राचा बारका हिरवा ठिपका तिच्याकडं बघत होता. तिनं पाय जरा हलवला, फोन मांडीवर घेतला.

तो पुन्हा वाजला नाही.