छतातला आवाज

विमानाची भीती तिला नव्हतीच. हे आधी सांगून टाकलेलं बरं, कारण गल्लीत सगळ्यांचा समज तसाच झाला होता. प्रवासाचा दिवस जवळ यायला लागला तशी मावशीची भूक उडाली, बोलता बोलता ती मध्येच गप्प व्हायला लागली, आणि लोकांनी परस्पर ठरवून टाकलं की ही उंचीला घाबरते. "अहो, काही होत नाही, बसल्या जागी पोचता," असं जो तो सांगून जाई. मावशी हसून मान हलवी. पडलं विमान तर पडलं, इतकी ती त्या बाबतीत निवांत होती. तिला घोर लागला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. तिला ऐकू येत नव्हतं, आणि ते कुणालाही ठाऊक नव्हतं.

सारा जन्म तिचा कापडाच्या कारखान्यात गेला. लांबच लांब शेड, मागांच्या रांगा, आणि त्यातले चार माग एकटी मावशी सांभाळायची. या मागाकडून त्या मागाकडे सारखी पळत असायची म्हणून तिथं तिचं नाव पडलं होतं धोटा. मागात आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारी जी लाकडी वस्तू, ती धोटा. शेडमधला खडखडाट असा की कानाशी येऊन कुणी बोंब मारली तरी पत्ता लागू नये. तिथल्या बाया मग आवाज वापरतच नसत. ओठ मोठे मोठे हलवायचे, जोडीला हात, आणि या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सासूची सगळी गाऱ्हाणी सांगून मोकळी. मालकाला काय म्हणायचं ते त्याच्या तोंडावर म्हणता येई, हा वरचा फायदा. कान नेमके कधी गेले ते मावशीला स्वतःलाही सांगता आलं नसतं. ते हळूहळू गेले, आणि ओठ वाचायची सवय इतकी पक्की होती की ते गेल्यानं तिचं काही अडलं नाही.

लपवायचं कसं यात तर ती पटाईत झाली होती. घराचं दार कायम उघडं, म्हणजे कुणी ठोठावायचा प्रश्न नको. गल्लीला वाटे, काय मोकळ्या मनाची बाई आहे. चार माणसांत बसली की स्वतःच बोलत सुटायची, म्हणजे दुसऱ्याचं ऐकायची वेळ येत नसे. अगदीच अडलं तर "हो हो" म्हणून गोड हसायची. आणि लेकीला बजावून ठेवलं होतं, "मला नुसता फोन करायचा नाही. चेहरा दिसला पाहिजे तुझा." लेक बिचारी तेव्हापासून व्हिडिओवरच बोलायची.

त्या लेकीला बाळ झालं. ती राहायची दूरच्या शहरात, नोकरीवर परत जायची वेळ आली होती, जावई सकाळी बाहेर पडला की संध्याकाळी उगवायचा. लेक म्हणाली, "आई, तूच ये. परक्या बाईच्या हातात नाही द्यायचं मला त्याला." मावशी एका दमात हो म्हणाली. फोन ठेवला, उठून भांडी घासायला घेतली आणि पातेल्यात हात तसाच राहिला. दिवसभर घरात ती आणि ते बाळ. ते आतल्या खोलीत रडायला लागलं तर कुणाला कळणार?

सांगून टाकावं असं तिच्या कितीदा तरी मनात आलं. पण पुढचं सगळं तिला दिसत होतं. लेक चिडली नसती. अगदी मऊ आवाजात म्हणाली असती, "मग राहू दे आई, आम्ही बाई बघतो." त्या मऊपणाचीच मावशीला धास्ती होती. एकदा बाई आली की ही वर्षातून दोनदा खाऊ घेऊन जाणारी पाहुणी आजी होणार. ते तिला सोसवलं नसतं. म्हणून तिनं आपल्या डोक्यानं एक तोड काढली होती: मऊ सुताचं एक रीळ. बाळ निजलं की धाग्याचं एक टोक त्याच्या पायात सैलसर अडकवायचं, दुसरं आपल्या बोटाला. हललं की कळेल. मागावरचा धागा तुटला तर तिच्या बोटांना आधी कळायचं, मग डोळ्यांना. ही तोड सुचली तेव्हा तिला आपण फार हुशार आहोत असं वाटलं होतं. रात्री अंथरुणात पडल्यावर मात्र तितकंसं वाटायचं नाही.

शेजारीण दोनदा विमानानं जाऊन आली होती, त्यामुळे त्या विषयातली ती आता मोठी जाणकार. तिनं मावशीची स्वतःच्या घरात तालीम घेतली. जेवणाचं टेबल म्हणजे बॅगा द्यायची जागा, स्वयंपाकघराचा दरवाजा म्हणजे तपासणी. चपला काढा, मोबाइल ट्रेमध्ये ठेवा, हात पसरून उभ्या राहा. मावशीनं सगळं केलं. शेवटी शेजारीण म्हणाली, "आणि एक लक्षात ठेवा. पाटीवर विसंबू नका. ऐन वेळी गेट बदलतात आणि वरून नुसतं सांगतात. आपण कान उघडे ठेवायचे, झालं."

"वरून म्हणजे?"

"छतातून हो. स्पीकर असतात."

छताला ओठ नसतात. मावशी घरी आली आणि त्या दिवशी न जेवताच निजली.

विमानतळावर ती इतकी आधी पोचली की सोडायला आलेल्या टॅक्सीवाल्यालाही हसू आलं. बॅगा घेणाऱ्या काउंटरवरच्या मुलीनं पहिल्याच फटक्यात तिचं धाबं दणाणवलं, कारण ती पोरगी मान खाली घालून पडद्याशीच बोलत होती. मावशीनं ठेवणीतला डाव टाकला. "बाळ, जरा वर बघ की. माझ्या भाचीसारखी दिसतेस अगदी." मुलगी हसली, वर बघून बोलली आणि पुन्हा मान खाली गेली. पुढच्या प्रश्नाला मावशीनं आपलं "हो हो" म्हणून टाकलं. मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. तिनं एका गणवेशातल्या माणसाला बोलावलं आणि बॅग उघडली गेली. निघालं काय, तर बाळाची दुपटी, टोपडी आणि सुताचं रीळ. मावशीनं ज्याला हो म्हटलं तो प्रश्न होता, अनोळखी माणसानं काही नेऊन द्यायला सांगितलंय का.

"कुणी दिलं हे?" त्या माणसानं रीळ हातात धरून विचारलं. सुदैवानं तो समोर बघून बोलत होता.

"माझंच आहे. नातवासाठी."

"मग हो कशाला म्हणालात?"

"घाबरले," मावशी म्हणाली, आणि ते तर खरंच होतं.

तपासणीच्या आडोशात एक बाई मागून काहीतरी सांगत राहिली. मागून बोलणारी माणसं मावशीला मुळातच आवडत नसत. शेवटी त्या बाईनं खांदा धरून तिला वळवलं, तिच्याकडे जरा नवलानं बघितलं आणि जायला सांगितलं. मावशीला दरदरून घाम फुटला होता. हातातला कागद ओला झाला होता, तो तिनं पदरानं पुसला.

गेटपाशी खुर्च्यांच्या रांगा होत्या. मावशी अशा जागी बसली की सगळ्यांचे चेहरे दिसावेत. थोड्या थोड्या वेळानं एक नवल घडे: इथं तिथं बसलेली माणसं एकदमच मान वर करत, क्षणभर थांबत, आणि पुन्हा आपापल्या मोबाइलमध्ये शिरत. छत बोललं होतं. काय बोललं ते त्या चेहऱ्यांवरून ती ताडायचा प्रयत्न करी, पण चेहरे कोरडेच. मग तिनं कारखान्यातली युक्ती काढली. नवी बाई कामाला लागली की तिला सांगायचे, काही कळलं नाही तर जुनीकडे बघ, ती करेल ते कर. मावशीनं आजूबाजूला जुनं माणूस शोधलं. चौकड्यांची टोपी घातलेले एक गृहस्थ शेजारी येऊन बसले होते. तिनं आपला कागद पुढे करून विचारलं, "तुम्ही याच गेटचे ना?" त्यांनी गेटचा नंबर बघितला आणि मान डोलावली. मावशीचा जीव भांड्यात पडला. ही टोपी आता नजरेआड होऊ द्यायची नाही.

टोपी उठली, मावशी उठली. टोपीनं चहा घेतला, मावशी चहाच्या दुकानासमोर घुटमळली. टोपी पुरुषांच्या स्वच्छतागृहात गेली, तेव्हा मावशी बाहेर भिंतीला टेकून उभी राहिली आणि येणाऱ्याजाणाऱ्याची नजर चुकवत राहिली. सगळी लाजलज्जा तिनं त्या टोपीपायी गुंडाळून ठेवली होती. पुन्हा दोघं जागेवर येऊन बसली. माणसांनी आणखी एकदा माना वर केल्या. या वेळी बरीचशी उठली, बॅगा ओढत निघाली. टोपी मात्र ढिम्म. तेव्हा मावशीही ढिम्म.

बऱ्याच वेळानं टोपी उठून गेटच्या रांगेत उभी राहिली. मावशी तिच्या मागं. तिची पाळी आली तशी गणवेशातल्या तरुणानं कागद बघितला, मान हलवली आणि पाटीकडे बोट केलं. पाटीवर दुसऱ्याच शहराचं नाव होतं. टोपीवाले गृहस्थ त्या शहराला निघाले होते, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. त्यांना गेट विचारलं होतं, गाव कुणी विचारलंच नव्हतं. तरुण भराभरा काहीतरी सांगून पुढच्या माणसाकडे वळला होता. मावशीला त्याचा फक्त गाल दिसला.

आता तिला उलगडा झाला. मघाशी उठून गेली ती माणसं तिच्या विमानाची होती. कुठं गेली? दोन्ही बाजूंना तेच लांबलचक दालन, त्याच खुर्च्या. मावशी एका बाजूला पळत सुटली, मग वाटलं दुसरी बाजू असेल, म्हणून परत फिरली. चार माग सांभाळले तेव्हाही ती एवढी धावली नव्हती. त्या वेळी छतातला आवाज तिचंच नाव पुकारत होता, पूर्ण नावानं, पुन्हा पुन्हा. आसपासची माणसं माना वर करून ऐकत होती, आणि जिचं नाव ती त्यांच्यामधूनच पळत होती.

एका टेबलामागं एक मुलगी माईक हातात घेऊन बोलत होती. मावशीनं तिच्यापुढं कागद धरला. मुलीनं माईक तोंडासमोरून न काढताच काहीतरी सांगितलं. तिचे ओठ त्या काळ्या बोंडक्यामागं झाकलेले. मावशीच्या तोंडावर सवयीनं "हो हो" आलं. माझ्या भाचीसारखी दिसतेस, हेही आलं. ते म्हणून हसून मागं सरायचं, एवढंच तिला आजवर जमत आलं होतं. पण आता मागं सरलं तर विमान जाणार होतं, आणि लेक सोमवारी कामावर रुजू होताना बाळाला परक्या बाईकडे देणार होती.

"मला ऐकू येत नाही," मावशी म्हणाली.

आपला आवाज किती मोठा लागला याचा तिला अंदाज नव्हता. पण पलीकडच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली, एक लहान मूल बापाच्या मागं लपलं, त्यावरून कळलं. लाजेनं तिचे कान, निकामी असले तरी, तापले. मुलीनं माईक खाली ठेवला. टेबलाला वळसा घालून ती समोर येऊन उभी राहिली आणि सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाली, "तुम्हालाच बोलावत होते मी. चला." मग मावशीचा हात धरून ती अक्षरशः पळाली. उंच टाचांचे बूट घालून कुणी इतकं पळू शकतं हे मावशीनं तोवर पाहिलं नव्हतं.

विमानाचं दार लागायचंच होतं. मावशी आत शिरली, सगळ्या विमानानं तिच्याकडे रागानं बघितलं, आणि ती खिडकीशी जाऊन बसली. हवाई सुंदरीनं पट्टा बांधून दिला. तेव्हा मावशीला जाणवलं की पायांखाली घरघर सुरू झाली आहे, शेडमध्ये जमिनीतून यायची तशीच. बाकीची माणसं एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलायला लागली होती. मावशीनं मोबाइल काढला. एकदा तोंडातून निघालंच होतं. आत्ता नाही तर पुन्हा धीर झाला नसता.

लेकीचा चेहरा आला. "बसलीस?" असं ओठांनीच विचारून तिनं तोंडावर बोट ठेवलं. बाळ नुकतंच निजलं होतं.

"ऐक," मावशी म्हणाली. "तुला कधी सांगितलं नाही. मला ऐकू येत नाही. मुळीच नाही. तू बाई बघ हवं तर. मी नुसती बाळाला बघून परत जाईन."

लेकीनं मोबाइल चेहऱ्याच्या आणखी जवळ धरला. मग तिचे ओठ हलले. "माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"लहान होते तेव्हापासून. रात्री तहान लागली की मी हाका मारायचे, तू यायची नाहीस. मग मी दिवा लावायला लागले. दिवा लागला की लगेच यायचीस."

मावशीला ते सगळं आठवलं. पोरगी रात्री-अपरात्री दिवा लावून बसते म्हणून तेव्हा हयात असलेला नवरा किती करवादायचा. आपली लेक अंधाराला भिते, असं तिनं गल्लीभर सांगितलं होतं. मावशीचे डोळे भरून आले, आणि भरले तसे लेकीचे ओठ दिसेनासे झाले, म्हणून तिनं ते घाईघाईनं पुसले.

"बाई नाही बघायची मला," लेक म्हणत होती. "हे बघ, काय करून घेतलंय."

तिनं मोबाइल फिरवला. पाळण्यात बाळ निजलं होतं. शेजारी पलंग, त्यावर नवी चादर, आणि उशाशी भिंतीवर एक छोटा दिवा. दिव्यापासून निघालेली वायर पाळण्याच्या कडेला लावलेल्या एका डबीपर्यंत गेली होती. मावशी ते काय आहे हे निरखून बघत होती, तेवढ्यात बाळानं तोंड वेडंवाकडं केलं, मुठी आवळल्या आणि जबडा वासला. भिंतीवरचा दिवा लागला.

मावशी ताडकन उठायला गेली. पोटावरच्या पट्ट्यानं तिला ओढून पुन्हा जागेवर बसवलं.