हॉर्न दाबला की वायपर

आमच्या गाडीत तसा काही बिघाड नव्हता. फक्त कुठलं बटण दाबलं की काय होईल, एवढंच सांगता येत नव्हतं.

हॉर्न दाबला की वायपर फिरायचा. उजवीकडे वळायचा दिवा लावला की आतला पंखा बंद पडायचा. ब्रेक दाबला की पेट्रोलचा काटा टाकी भरल्यासारखा वर जायचा (हा एकच बिघाड मला मनापासून आवडायचा!). आणि इंजिन मिसिंग मारायचं, म्हणजे चार सिलिंडरपैकी एखादा मधूनच दांडी मारायचा आणि आम्ही सगळे सीटवर एकदम माना डोलावायचो. आम्ही कुणाचं तरी कीर्तन ऐकत चाललोय, असं बाहेरून बघणाऱ्याला वाटत असणार.

हे सगळं चालूनही गेलं असतं. पण गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत आली होती, आणि ती आरटीओत पुन्हा पासिंगला न्यायची होती. तिथे साहेब स्वतः हॉर्न वाजवून बघतात. आणि त्यांना वायपर फिरलेला चालत नाही.

"पास झाली तर ठेवा," माझी बायको वर्षा म्हणाली, "नाही झाली तर सरळ भंगारात. मला या गाडीत बसून मान लचकवून घ्यायची नाही."

आतल्या खोलीतून माझ्या आईनं हे ऐकलं होतं.

आईचं असं आहे, की तिचे गुडघे आणि आमची गाडी यांचं माप अगदी जुळलेलं आहे. एसटीची पायरी तिला उंच पडते. शेजाऱ्यांच्या नव्या जीपसारख्या गाडीत चढायचं म्हणजे तिला खालून ढकलावं लागतं, आणि ढकलून घेणाऱ्यांतली ती नाही. भाच्याच्या गाडीत बसता येतं, पण मग उठता येत नाही. आमच्या गाडीत मात्र ती पाठमोरी होते, अलगद टेकते, मग एकेक पाय उचलून आत घेते आणि म्हणते, "चला." या गाडीतूनच ती दर महिन्याला वैजापूरला तिच्या धाकट्या बहिणीकडे, शकूमावशीकडे जाते. शकूमावशी आता घराबाहेर पडत नाही. दोघी दिवसभर कडाकडा भांडतात, एकमेकींच्या स्वयंपाकाला नावं ठेवतात आणि संध्याकाळी रडत निरोप घेतात. परत येताना आई वाटेत गाणी म्हणते.

"गाडी गेली तर मी शकूकडं कशी जाऊ रं?" रात्रीच्या जेवणाला तिनं विचारलं.

"जाणार नाही कुठं गाडी," मी म्हणालो. "मी बघतो."

मी विज्ञानाचा शिक्षक आहे, त्यामुळे 'मी बघतो' म्हटलं की घरातले लोक घाबरतात.

इथे एका लिंबाबद्दल सांगायला हवं. आई दर शनिवारी गाडीला लिंबू-मिरची बांधते. पूर्वी ती पुढे बंपरला बांधायची. शाळेच्या आवारात गाडी लावली की मराठीचे सर मोठ्यानं म्हणायचे, "काय हो, हा न्यूटनचा कितवा नियम?" मी वर्गात अंधश्रद्धेवर तावातावानं बोलायचं आणि खिडकीबाहेर माझ्याच गाडीचं लिंबू वाऱ्यावर डुलायचं, हे काही बरं दिसेना. आईला 'बांधू नकोस' म्हणायची माझी छाती नाही. म्हणून मी मध्यममार्ग काढला. म्हणालो, "आई, बाहेर बांधलं की लोक चोरतात. आत बॉनेटखाली बांध. खरी दृष्ट तर इंजिनाला लागते."

"व्हय की!" आई म्हणाली. "हे माझ्या ध्यानातच नाय आलं."

आणि तिनं बॅटरीजवळ एक छानसा बोल्ट शोधून, तारेनं करकचून, लिंबू आत बांधलं. मी स्वतःवर जाम खूश झालो. विज्ञानही राहिलं आणि आईही राहिली!

तर आता दुरुस्ती. मी वर्गात सांगतो तसं पद्धतशीर निरीक्षण करायचं ठरवलं. वर्षाला स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः काचेसमोर वाकून उभा राहिलो.

"हॉर्न दाब!"

वायपर फिरला.

"आता वायपर लाव!"

काचेवर पाणी उडवायची पिचकारी थेट माझ्या चष्म्यावर आली.

"अगं, वायपर म्हणालो!"

"वायपरच लावलाय!" ती आतून ओरडली. "आता पाणी बंद करायला काय दाबू? हॉर्न?"

निरीक्षण तिथेच संपलं. मी गाडी पैठण रस्त्यावरच्या सलीमभाईंकडे नेली.

सलीमभाई आमचे जुने मेकॅनिक. दिलदार माणूस, आणि कमालीचा आत्मविश्वास. गाडीचा आवाज ऐकायच्या आधीच ते सांगतात काय झालंय. "सर, प्लग गेले." प्लग बदलले. गाडी मिसिंग मारत घरी आली. पुढच्या खेपेला, "सर, कॉईल गई आपकी. आपुन तो पैलेच बोले थे." (ते पैले प्लग बोलले होते.) कॉईल बदलली. मग हॉर्न बदलला. नवा हॉर्न दाबला, तर वायपर पूर्वीपेक्षा जोरात फिरला!

"हौ, ये वायरिंग का मामला है," सलीमभाई गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी डॅशबोर्ड उघडला. आतून वायरींचा जो गुंता बाहेर आला तो बघून त्यांनी आधी चहा मागवला.

चहा पिताना त्यांची नजर बॉनेटखाली गेली. आत्तापर्यंत तिथे लिंबांचा घडच झाला होता. जुनं लिंबू तिठ्यावर टाकायचं असतं, पण आईला तिठ्यापर्यंत चालवत नाही, म्हणून ती जुन्यावरच नवं बांधायची. आणि गाडी जसजशी बिघडत गेली, तसतशी ती शनिवारची वाट न बघता मधल्या वारीही बांधू लागली होती.

"ये अम्मा का है ना?" सलीमभाईंनी विचारलं.

"हो. अडचण होत असेल तर काढा."

"नक्को नक्को! अम्मानं दिलसे बांधलंय. आपुन हात नाय लावणार, सर. पाप लागंल."

मीही हात लावला नाही. विज्ञान शिक्षक असलो तरी आईचं लिंबू सोडायला मीही घाबरतो. त्यामुळे सलीमभाईंनी त्या घडाभोवतालचं सगळं खोललं, पुसलं, बदललं आणि घड तेवढा सांभाळून ठेवला. एकदा तर त्यांचा पाना लागून एक मिरची खाली पडली, तर ती त्यांनी फुंकर मारून परत अडकवली.

गाडीत आता नवीन नव्हतं असं फारसं काही उरलं नव्हतं. म्हणून पासिंगच्या आधीच्या रविवारी मी चाचणी म्हणून आईला घेऊन वैजापूरला निघालो. वर्षा म्हणाली, "मी घरी थांबते. वाटेत अडकलात तर आणायला कुणीतरी लागेल ना." तिचा हा टोमणा मी कानाआड केला.

शहराबाहेर पडेपर्यंत गाडी शहाण्यासारखी चालली. मग एका कांद्याच्या ट्रॅक्टरमागे आम्ही अडकलो. दोन ट्रॉल्या, गाणी मोठ्यानं लावलेली, आणि ट्रॅक्टरवाला रस्त्याच्या मधोमध. मी हॉर्न दाबला. कोरड्या काचेवर वायपर करकरत फिरला. पुन्हा दाबला. पुन्हा करकर. मागचे गाडीवाले मला हॉर्न देऊ लागले आणि इंजिन आचके देऊ लागलं.

"कामून थांबलास?" आई.

"हॉर्न वाजत नाही, आई."

"मंग मला सांगायचं की!" आणि आईनं काच खाली करून, डोकं बाहेर काढून अशी काही हाक दिली, "ए बाबाऽऽ! आरं बाजूला हो, म्हातारी मानूस चाललंय बहिनीला भेटाया!" की ट्रॅक्टर सोडा, समोरून येणारा दुधाचा टेम्पोसुद्धा थांबला. ट्रॅक्टरवाल्यानं मान लववून वाट दिली. त्यापुढे वैजापूरपर्यंत वळण आलं की आई ओरडायची. गल्लीत शिरताना तिच्या आवाजानं शकूमावशीच दारात येऊन बसली. "लांबूनच कळलं तू आलीस म्हणून," ती म्हणाली. "आधी पाणी पी. आवाज गेलाय तुझा."

परतीच्या वाटेवर आई गाणी म्हणाली नाही. बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "साहेब लोकं मला हॉर्न म्हनून पास करतील का रं?"

मी हसलो. पण तिनं हे गमतीनं विचारलं नव्हतं. गाडी नापास झाली तर ही वैजापूरची शेवटची खेप, हे तिला माझ्याइतकंच कळत होतं.

पासिंगच्या दिवशी सकाळी मी गाडीपाशी आलो, तर आई आधीच बॉनेटपाशी उभी. हातात हे एवढं मोठं लिंबू!

"आज मोठ्ठं आणलंय. बॉनेट उघड."

मी उघडलं. घडावर जागाच नव्हती. आईनं तार ओढली, जरा जोर लावला, आणि सगळा घड तिच्या हातात आला. त्याच्याबरोबर तो बोल्टही आला, आणि बोल्टाला कसलेली काळी जाड वायरही.

मी त्या वायरीकडे बघत राहिलो. तिच्या टोकाला हिरव्या-पांढऱ्या पुटाचा बोटभर थर होता. खालची लिंबं कुजून त्यांचा रस कित्येक आठवडे ठिबकत त्या बोल्टात मुरला होता.

गाडीतल्या प्रत्येक दिव्याची, हॉर्नची, इंजिनातल्या ठिणगीची वीज बॅटरीकडे परत जाते ती याच बोल्टातून. ही वाट बुजली की वीज परतीसाठी भलत्याच घरात शिरते. हॉर्नची वीज वायपरच्या घरातून जाऊ बघते, आणि ठिणगी उपाशी राहून इंजिन मिसिंग मारतं. हे मला माहीत होतं. हे मी शिकवतो! आणि तो बोल्ट मीच आईला दाखवलेल्या जागेत होता.

मी पळत जाऊन गरम पाणी आणलं, पॉलिश पेपर आणला, बोल्ट घासून लख्ख केला, वायर कसली आणि गाडी सुरू केली. इंजिन एका सुरात गुरगुरलं. मी हॉर्न दाबला.

हॉर्न वाजला!

मी पुन्हा दाबला. पुन्हा वाजला. समोरच्या घरातून कुणीतरी ओरडलं, "ओ सर, कळलं, कळलं!" वर्षा हातात कणीक घेऊनच बाहेर आली.

"काय होतं?" तिनं विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं. आई त्या मोठ्या लिंबाकडे बघत उभी होती. तिचा चेहरा इतका उजळला होता की मी ते तसंच मिटलं.

"बघ!" ती म्हणाली. "मोठं लागत व्हतं. मी उगाच बारीक बारीक बांधत बसले."

वर्षानं माझ्याकडे पाहिलं, वायरीकडे पाहिलं, पुटाकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. लग्नानंतर पहिल्यांदाच असं झालं असेल की तिला कळलं आणि ती काही बोलली नाही. मी आईच्या हातातून लिंबू घेतलं आणि पुढे बंपरला, सगळ्यांना दिसेल असं, माझ्या हातानं बांधलं. इंजिनापासून जितकं लांब बांधता येईल तितकं!

पासिंगच्या मैदानावर आई मागच्या सीटवर पदर सावरून बसली होती. आमची पाळी आली. तरुण साहेब आले, दिवे बघितले, ब्रेक बघितला, वायपर बघितला. हॉर्न दाबला. खणखणीत वाजला. त्यांनी मान हलवली आणि गाडीच्या पुढे आले. तिथे थबकले. एकदा लिंबाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"सर? तुम्ही?"

मला घाम फुटला. या शहरात कुठेही गेलं तरी आपला एखादा विद्यार्थी निघतोच, पण तो नेमका इथे निघावा!

"सर, मी तुमच्या आठवीच्या वर्गात होतो." ते वाकून माझ्या पाया पडले आणि पुन्हा लिंबाकडे बघू लागले. ओठांच्या कडेला हसू दाबून म्हणाले, "तेव्हा तुम्ही चार-पाच लिंबांत तांब्या-जस्ताच्या पट्ट्या खुपसून एवढासा दिवा लावून दाखवला होता. आता अख्खी गाडीच लिंबावर चालवता की काय?"

मी आयुष्यभर मुलांना एकच गोष्ट सांगत आलोय, की प्रश्न विचारला की खरं उत्तर द्यायचं, लाजायचं नाही. मी घसा साफ केला.

तेवढ्यात मागच्या काचेतून आईचं डोकं बाहेर आलं. "मंग! लिंबावरच चालती ती. इचार त्याला, मास्तर हाय तो विज्ञानाचा!"

साहेब माझ्याकडे बघत होते. आई माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हणालो. "शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालंय."