बांधलेला माणूस

तेव्हा पूर्णगडची खाडी होडीनेच ओलांडावी लागे. वारा असला की तांडेल प्रत्येकाच्या कमरेला दोरी घालून ती फळीला बांधी आणि बजावी, “बांधलेला मानूस आजवर पान्यात पडलेला नाय!” मला त्या ठाम आवाजाचा मोठा आधार वाटे.

होडीच्या टोकाला एकटी बसणारी एक बाई मात्र त्याची पाठ वळताच गाठ सोडी आणि दोरी नुसती मुठीत धरून बसे. एकदा मी विचारलं, “खोटं बोलतो का तो?”

“नाय वो, खरा सांगतो. माजा घोव कुटं पडला? बांधलेलाच होडीसकट खाली गेला. त्याला मोजतो कोन?”

किनारा लागताच ती एकटीच चढणीला लागली. मी अजून फळीला बांधलेलाच होतो.